मुखशल्यचिकित्सा आणि दवाखान्यातील तातडीचे प्रसंग : प्रस्तावना

तोंड, जबडे आणि त्यांच्या लगतच्या भागांवरील शस्त्रक्रियांचे शास्त्र म्हणजे मुखशल्यचिकित्सा. जबड्याचे अस्थिभंग, गाठी, कर्करोग, दुभंगलेले ओठ आणि टाळू यांच्या शस्त्रक्रिया रुग्णालयात होतात. या शास्त्राचा रोजचा व्यवहार मात्र चालतो तो साध्या दंतवैद्याच्या दवाखान्यात. तिथे किडलेले दात काढले जातात, हाडात अडकलेली अक्कलदाढ सोडवली जाते, गळूला वाट करून दिली जाते, न भरणाऱ्या व्रणाचा तुकडा तपासणीसाठी घेतला जातो. या कामांना किरकोळ शस्त्रक्रिया म्हणण्याची रीत आहे आणि जखमेच्या आकारापुरती ती ठीकही आहे. पण साठीच्या गृहस्थाची दाढ काढायची असते तेव्हा त्यांचे हृदय, त्यांची साखर, त्यांच्या रोजच्या गोळ्या आणि त्यांची भीती हे सगळे त्यांच्यासोबत खुर्चीवर येऊन बसलेले असते. दवाखान्यात ओढवणाऱ्या बहुतेक आणीबाणीच्या प्रसंगांचे मूळ दातात नसते, या बाकीच्या शरीरात असते. अभ्यासक्रमात शस्त्रक्रियेचे तंत्र आणि तातडीच्या प्रसंगांची हाताळणी यांना वेगवेगळी प्रकरणे मिळाली असली, तरी प्रत्यक्ष कामात त्यांची फारकत करता येत नाही.

वेदनेशिवाय शस्त्रक्रिया ही कल्पना व्यवहारात आणली ती दंतवैद्यांनीच. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील होरेस वेल्स याने डिसेंबर १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. पुढे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने बॉस्टनमध्ये ईथरचा जाहीर प्रयोग यशस्वी करून दाखवला. १८८४ मध्ये कार्ल कोलर याने डोळ्यासाठी कोकेनचा स्थानिक भूल म्हणून वापर केला आणि त्याच वर्षी विल्यम हॉलस्टेड याने खालच्या जबड्याचा मज्जातंतू बधिर करून दाखवला. त्या प्रयोगांतून हॉलस्टेड स्वतः कोकेनच्या आहारी गेला. नंतर प्रोकेन आले, आणि १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लॉफग्रेन याने लिग्नोकेन तयार केले. आज भारतातल्या जवळजवळ प्रत्येक दंतवैद्याच्या टेबलावर असते ते हेच औषध. भारतात डॉ. आर. अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात दंतमहाविद्यालय सुरू केले आणि १९४८ च्या कायद्याने हा व्यवसाय नोंदणीच्या चौकटीत आला.

शस्त्रक्रियेची सुरुवात चौकशीने होते. ‘काही आजार आहे का?’ या प्रश्नाला बहुतेकदा ‘काही नाही’ असे उत्तर येते आणि रुग्णाच्या लेखी ते खरेही असते. रोज सकाळी बीपीची गोळी घेऊन ज्याचे बरे चालले आहे, तो स्वतःला आजारी समजत नाही. म्हणून विचारायचे ते गोळ्यांबद्दल. कोणत्या चालू आहेत, त्यांची पट्टी किंवा जुनी फाइल आणली आहे का, पूर्वी कधी रुग्णालयात राहावे लागले का, मागे दात काढला तेव्हा रक्त किती वेळ वाहत होते, कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठले होते का. एक मजला चढल्यावर दम लागतो का आणि रात्री झोपताना उशा किती लागतात, हे दोन प्रश्नही सोडू नयेत. हृदयाची क्षमता त्यांतून जितकी कळते तितकी एखाद्या अहवालातूनही कळत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबाबत गेल्या काही दशकांत सल्ला पुरता उलटला आहे. पूर्वी दात काढण्याआधी अ‍ॅस्पिरिन आठवडाभर बंद करत. आता ती चालूच ठेवतात. दाताच्या खाचेतले रक्त दाबून, टाका घालून थांबवता येते. गोळी बंद केल्यामुळे हृदयात किंवा मेंदूत गुठळी झाली तर तिथे दंतवैद्याचा हात पोचत नाही. वॉरफेरिन घेणाऱ्याची आयएनआर तपासणी शस्त्रक्रियेच्या आदल्या एक-दोन दिवसांतली असावी आणि आकडा साधारण ३.५ च्या आत असेल तर साधा दात काढण्यास हरकत नसते. कोणतीही अशी गोळी ज्या डॉक्टरने सुरू केली त्याला विचारल्याशिवाय थांबवू नये. हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा हाडात पसरलेल्या कर्करोगासाठी दिली जाणारी बिसफॉस्फोनेट औषधे वेगळ्या कारणाने महत्त्वाची आहेत. ती घेणाऱ्यांत दात काढल्यावर जबड्याचे हाड उघडे पडून मरू शकते, हे २००३ पासून नोंदले गेले. किरणोपचार घेतलेल्या जबड्याचीही तीच गत होऊ शकते, विशेषतः खालच्या. तंबाखू आणि मिश्रीपायी तोंडाचा कर्करोग झालेले रुग्ण महाराष्ट्रात सर्वत्र भेटतात, त्यामुळे हा प्रश्न इथल्या दंतवैद्याला पुस्तकी वाटण्याचे कारण नाही. वाईट दात किरणोपचारांपूर्वीच काढून जखम भरायला दोन-तीन आठवडे द्यावेत. ते राहून गेले असेल, तर असा दात गल्लीतल्या दवाखान्यात काढू नये. सुपारी-गुटख्याने तोंड आखडलेल्यांचा आणखी एक प्रश्न असतो. त्यांचा जबडा दोन बोटेही उघडत नाही, म्हणून तिथे चिमटा लावणे जितके अवघड, तितकेच वेळ आल्यास श्वासाला वाट करून देणेही अवघड.

रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून जास्त असेल तर थांबण्याजोगे काम पुढे ढकलावे. मात्र दुखण्याने आणि धास्तीनेही आकडा चढतो, म्हणून रुग्णाला दहा मिनिटे शांत बसवून तो पुन्हा मोजावा. कृत्रिम झडप बसवलेल्यांना किंवा हृदयाच्या अस्तराचा जंतुसंसर्ग पूर्वी झालेल्यांना दात काढण्याआधी अर्धा ते एक तास अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम द्यावे लागते, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नसल्यास. गर्भवतीसाठी मधले तीन महिने सोयीचे. शेवटच्या महिन्यांत ती उताणी झोपली तर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून रक्तदाब उतरतो, म्हणून तिला डाव्या कुशीकडे थोडे कलते ठेवावे.

स्थानिक भुलीत सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मात्रेचा हिशेब. दोन टक्के लिग्नोकेनच्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असते. अ‍ॅड्रिनलिन मिसळलेल्या लिग्नोकेनची प्रौढांसाठी मर्यादा वजनाच्या दर किलोला ७ मिलिग्रॅम आणि एकूण ५०० मिलिग्रॅम अशी मानली जाते. आपल्याकडे मिळणारी बाटली ३० मिलिलिटरची, म्हणजे तिच्यात ६०० मिलिग्रॅम. लहान मुलांत किलोला ४.४ मिलिग्रॅम ही सावध मर्यादा धरली तर १५ किलोच्या मुलासाठी ती ३.३ मिलिलिटरवरच संपते. दोन्ही बाजूंच्या दाढा एकाच बैठकीत काढण्याच्या घाईत हे सहज ओलांडले जाते. अ‍ॅड्रिनलिनमुळे औषध जागेवर टिकते आणि रक्त कमी येते, पण १:८०,००० या प्रमाणात त्याचे एका मिलिलिटरमध्ये १२.५ मायक्रोग्रॅम असतात. हृदयविकाराच्या रुग्णासाठी सांगितलेली ४० मायक्रोग्रॅमची मर्यादा जेमतेम सव्वातीन मिलिलिटरमध्ये गाठली जाते. सुई टोचल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहणे आणि मग सावकाश औषध सोडणे, या दोन सवयींनी निम्मे अनर्थ टळतात. औषध थेट शिरेत गेले किंवा जास्त झाले तर तोंडाभोवती मुंग्या, कानात आवाज, तोंडात धातूची चव, अकारण बडबड आणि पुढे झटके असा क्रम दिसतो. पू झालेल्या जागी भूल नीट चढत नाही, कारण तिथली आम्लता औषधाला मज्जातंतूत शिरू देत नाही. अशा वेळी त्याच जागी टोचत राहण्यापेक्षा मज्जातंतूला दूर अंतरावर गाठणे शहाणपणाचे.

दात उपटला जातो, ही समजूत रुग्णांचीच नव्हे तर नवशिक्यांचीही असते. वास्तविक दात ओढून निघत नाही. भोवतालच्या हाडाची खाच हळूहळू रुंदावून तो सैल केला जातो. हिरडी सोडवणे, एलेव्हेटरने दात हलता करणे, चिमट्याची टोके मुळाकडे दाबून बसवणे, गालाच्या आणि जिभेच्या बाजूला संथपणे हेलकावणे, एकच गोल मूळ असेल तर किंचित फिरवणे, आणि अगदी शेवटी बाहेर घेणे, असा हा क्रम आहे. वरच्या जबड्याचे हाड सच्छिद्र असल्याने ते सहज नमते. खालच्या दाढांजवळ ते जाड आणि कडक असते. दात हलत नसेल तर जोर वाढवणे हा सर्वांत वाईट उपाय. त्यापेक्षा हिरडीचा पडदा उचलावा, थोडे हाड कापावे, दाताचे तुकडे करावेत. पडद्याचा पाया टोकापेक्षा रुंद हवा, नाहीतर रक्तपुरवठा तुटून कडा मरते. हाड कापताना सलाइनची धार सतत हवी, कारण ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर तापलेले हाड निकामी होते. वरच्या दाढांची मुळे गालाच्या हाडातील पोकळीला टेकलेली असतात. तिथे तुटलेल्या मुळाचे टोक एलेव्हेटरने वर ढकलले तर ते त्या पोकळीत जाऊन बसते. खालच्या अक्कलदाढेजवळून ओठाची आणि जिभेची संवेदना वाहणारे मज्जातंतू जातात. ओठ काही काळ बधिर राहू शकतो हे आधी सांगून संमतिपत्रात लिहिले असेल तर ती माहिती ठरते. नंतर सांगितले तर ती सबब वाटते.

वरचा दात काढला की नजर जाते, ही समजूत खेड्यापाड्यांत अजून आहे. डोळ्याचे आणि दाताचे मज्जातंतू वेगळे आहेत आणि दात काढल्याने दृष्टी कमी होत नाही. पण या भीतीने रुग्ण वर्षानुवर्षे पुवाळलेली मुळे तोंडात बाळगतात, म्हणून तिच्याकडे हसून दुर्लक्ष करण्यापेक्षा दोन वाक्यांत उत्तर द्यावे.

दात निघाल्यावरची सूचना पाठ म्हणून दाखवण्यापेक्षा लिहून द्यावी. बोळा ३० ते ४५ मिनिटे घट्ट दाबून धरायचा. दिवसभर थुंकायचे नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही प्यायचे नाही, तंबाखू-मिश्री लावायची नाही. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून. खाचेत जमलेली रक्ताची गुठळी हीच खरी मलमपट्टी असते. ती निघून गेली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी तीव्र कळ सुरू होते. त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. यावर प्रतिजैविके देण्याची खोड जाता जात नाही. खाच धुऊन लवंगतेलाचे औषध भरले की कळ तासाभरात उतरते. रक्तस्राव बहुधा त्याच रात्री परततो, अ‍ॅड्रिनलिनचा अंमल उतरल्यावर. घाबरलेले नातेवाईक फोन करतात तेव्हा लाळेत मिसळलेले चमचाभर रक्तही वाटीभर वाटते. स्वच्छ ओला बोळा नेमका खाचेवर ठेवून अर्धा तास दाबणे हा पहिला उपाय; त्याने न थांबल्यास गुठळ्या काढून जागा पाहणे, टाका घालणे, जिलेटिन स्पंज किंवा ट्रॅनेक्झॅमिक आम्लाचा बोळा ठेवणे.

जंतुसंसर्गाच्या बाबतीत एक चित्र मनात पक्के असावे. खालच्या मागच्या दाढांची मुळे जिभेखालच्या स्नायूच्या पातळीच्या खाली उतरलेली असतात, त्यामुळे त्यांचा पू थेट हनुवटीखाली आणि गळ्याच्या कप्प्यांत शिरतो. दोन्ही बाजूंना फळीसारखी कडक सूज, वर उचललेली जीभ, लाळ गिळता न येणे आणि आवाज बदलणे ही लक्षणे विल्हेल्म फॉन लुडविग याने १८३६ मध्ये वर्णिली. असा रुग्ण गोळ्या लिहून घरी पाठवण्याचा नसतो. श्वासमार्ग काही तासांत बंद होऊ शकतो, म्हणून त्याला ताबडतोब रुग्णालयात हलवावे.

आता खुर्चीवरचे प्रसंग. त्यांत सर्वांत वारंवार येणारा म्हणजे भोवळ. धडधाकट, विशीतला, उपाशी आणि घाबरलेला तरुण हे तिचे नेहमीचे गिऱ्हाईक. सुई पाहून किंवा टोचल्यावर तो पांढराफटक पडतो, कपाळावर थंड घाम येतो, जांभया येतात, नाडी मंदावते. पायांच्या रक्तवाहिन्या सैलावून रक्त तिथेच साचते आणि मेंदूला कमी पडते. उपाय खुर्चीतच आहे. पाठ पूर्ण आडवी करून पाय वर करावेत. मिनिटभरात रंग परततो. बसवून पाणी पाजण्याची घाई करू नये, तिने भोवळ लांबते आणि पाणी श्वासनळीत जाण्याचा धोका असतो. आडवे करूनही दोन-तीन मिनिटांत शुद्ध आली नाही तर ती साधी भोवळ नाही असे समजून पुढे जावे. भुलीच्या आधी रुग्णाला आडवे केले आणि सिरिंज त्याच्या डोळ्यांसमोरून नेली नाही, तर हा प्रसंग बहुधा येतच नाही.

बेशुद्धीचे दुसरे मोठे कारण म्हणजे उतरलेली साखर. ‘ऑपरेशन आहे’ म्हणून मधुमेही रुग्ण सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेतो पण नाश्ता करत नाही. एकादशी, चतुर्थी किंवा रोजा असेल तर विचारायलाच नको. स्थानिक भुलीसाठी उपाशी राहायचे नसते, हे वेळ देतानाच सांगायला हवे. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणे दिसले आणि साखर ७० च्या खाली असली की शुद्धीवरच्या रुग्णाला १५ ते २० ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये; शिरेतून डेक्स्ट्रोज किंवा स्नायूत ग्लुकॅगॉन १ मिलिग्रॅम द्यावे. ग्लुकोमीटर नसेल आणि शंका असेल, तर साखर कमी आहे असेच धरून चालावे. काही मिनिटे चढलेल्या साखरेने नुकसान होत नाही, उतरलेलीने मेंदूचे होते.

छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणारी कळ आणि घाम दिसला तर काम थांबवून रुग्णाला अर्धवट बसते ठेवावे आणि जिभेखाली नायट्रेटची गोळी द्यावी. त्याआधी रक्तदाब पाहावा आणि गेल्या दिवसभरात सिल्डेनाफिल घेतले नाही ना हे संकोच न करता विचारावे. पाच-दहा मिनिटांत कळ थांबली नाही तर हा हृदयविकाराचा झटका समजून अ‍ॅस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला द्यावी आणि १०८ ला फोन करावा. खालच्या जबड्यात दुखते म्हणून आलेला, पण एकही दात वाईट नसलेला रुग्ण कधीकधी हृदयाचाच असतो.

अ‍ॅलर्जीचा तीव्र झटका क्वचित येतो, पण त्यात वेळ सर्वांत कमी मिळतो. पेनिसिलिन, वेदनाशामके आणि रबरी हातमोजे ही त्याची परिचित कारणे आहेत. लिग्नोकेनची खरी अ‍ॅलर्जी अत्यंत विरळा. ‘मला त्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आहे’ असे सांगणाऱ्या पुष्कळांना मागे अ‍ॅड्रिनलिनमुळे धडधड झालेली असते किंवा भोवळ आलेली असते. खऱ्या झटक्यात अंगावर गांधी उठतात, ओठ-जीभ सुजतात, घशातून घरघर येते, रक्तदाब कोसळतो. उपाय एकच आहे : अ‍ॅड्रिनलिन १:१००० चे अर्धा मिलिलिटर मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, आणि सुधारणा नसल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ०.३ आणि त्याहून लहानाला ०.१५ मिलिलिटर. एव्हिल आणि डेकाड्रॉन आधी टोचून वाट पाहत बसण्याची आपल्याकडची सवय घातक आहे. ती औषधे नंतरची आहेत.

दम्याच्या रुग्णाने आपला पंप बरोबर आणावा, तो ट्रेवर ठेवूनच काम सुरू करावे. धाप लागल्यास त्याला बसते ठेवून साल्ब्युटामॉल द्यावे. भीतीने भराभर श्वास घेऊन बोटे आखडलेल्याला ऑक्सिजनची गरज नसते, धीराने सावकाश श्वास घ्यायला लावणे पुरते. फिट आल्यास तोंडातली उपकरणे काढावीत, आजूबाजूच्या वस्तू दूर कराव्यात, दातांत चमचा घालू नये, हातपाय दाबू नयेत, आणि नातेवाइकांनी पुढे केलेला कांदा किंवा चप्पल नम्रपणे परत करावी. झटका ओसरल्यावर कुशीवर वळवावे. पाच मिनिटांपलीकडे चालू राहिला तर गालाच्या आत मिडॅझोलॅम आणि रुग्णवाहिका. घशात निसटलेला दात किंवा कॅप खोकल्याने बाहेर पडली नाही आणि श्वास कोंडला, तर पाठीवर पाच थापा आणि पोटाला पाच झटके आलटूनपालटून द्यावेत. वस्तू सापडलीच नाही आणि रुग्ण ठीक वाटत असला तरी छातीचा एक्स-रे काढावा, कारण उजवी श्वासनलिका रुंद आणि सरळ असल्याने वस्तू तिथे निमूट जाऊन बसते.

श्वास आणि नाडी दोन्ही थांबली तर खुर्ची आडवी करून पाठीच्या भागाखाली एक स्टूल सरकवावे, म्हणजे दाबताना ती झुलत नाही. मिनिटाला १०० ते १२० या वेगाने पाच-सहा सेंटिमीटर खोल, ३० दाब आणि दोन श्वास. हे काम एकट्याचे नाही. फोन कोणी करायचा, ऑक्सिजन कोणी आणायचा, रस्त्यावर उभे राहून रुग्णवाहिकेला जिना कोणी दाखवायचा हे मदतनिसांमध्ये आधी ठरलेले असावे आणि अधूनमधून त्याची तालीम व्हावी. दवाखान्यात ऑक्सिजनचे भरलेले सिलिंडर, अंबू बॅग, अ‍ॅड्रिनलिन, ग्लुकोज, अ‍ॅस्पिरिन, नायट्रेट, साल्ब्युटामॉल आणि मिडॅझोलॅम एवढे असले तरी बहुतेक प्रसंग निभावतात. ही पेटी कुलुपात नसावी आणि तिची मुदत तपासणारी एकच ठरलेली व्यक्ती असावी. प्रसंग चालू असतानाच एकाने घड्याळ पाहून वेळ, औषध, मात्रा, नाडी आणि रक्तदाब कागदावर टिपत राहावे. १०८ च्या डॉक्टरच्या हाती द्यायचा तो हाच कागद, आणि केसपेपरला जोडायची ती त्याचीच प्रत.